सही दुसऱ्याची

तारीख १३ मार्च १९८५, बुधवार. तुम्ही वॉशिंग्टनला अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या इमारतीत उभे आहात. आज मॉस्कोत चेर्नेन्कोंची अंत्ययात्रा आहे. गोर्बाचेव्ह नावाचा नवा माणूस दोन दिवसांपूर्वी तिथे गादीवर बसला आहे, आणि साऱ्या जगाचं लक्ष तिकडे लागलं आहे. तुम्ही ज्या दालनात शिरणार आहात तिथे मात्र चर्चा आहे ती जेमतेम तीस-पस्तीस लाख वस्तीच्या निकाराग्वाची. दालनाचं नाव लांबलचक आहे: लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियनसाठीचं सार्वजनिक मुत्सद्देगिरी कार्यालय. खुशाल आत जा. चाळीस वर्षांनंतरच्या माणसाला हटकायची इथे सोय नाही.

टाइपरायटर खडखडतो आहे. एका टिपणाचा कागद वर सरकतो आहे. ते पाठवणार आहेत या कार्यालयातले जॉनथन मिलर, आणि जाणार आहे पॅट ब्युकॅनन यांच्याकडे, म्हणजे व्हाइट हाउसच्या प्रसिद्धी विभागाच्या प्रमुखांकडे. खांद्यावरून वाचून घ्या. ‘श्वेत प्रचार मोहिमे’ची पाच उदाहरणं कळवतो, असं मिलर लिहितात. पहिलं उदाहरण परवाच्या, ११ मार्चच्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधलं. निकाराग्वाची लष्करी तयारी किती धोकादायक आहे हे सांगणाऱ्या त्या लेखावर सही आहे राइस विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन गिलमार्टिन यांची. टिपण सांगतं, हे गृहस्थ आपल्या कार्यालयाचे सल्लागार आहेत आणि लेख लिहायला आपल्या माणसांनी त्यांना मदत केली आहे. सरकारचा यात काही हात नाही, अशीच अधिकृत भूमिका राहील, हेही लिहून टाकलं आहे. निकाराग्वाच्या बंडखोर नेत्यांच्या सहीने छापायचे लेखही इथेच तयार होत आहेत. शेवटी मिलर कळवतात की यापुढे प्रत्येक कामाची खबर देणार नाही, कारण कार्यालय प्रकाशात न येण्यातच कामाचं यश आहे.

हे सगळं कागदावर! कारस्थान करणाऱ्यांनी ते कार्यालयीन टिपणात शिस्तीत, क्रमांक घालून नोंदवावं, ही नोकरशाहीची जगभरची खोड आहे. इतिहासकारांनी तिचे आभारच मानले पाहिजेत.

आता दोन वर्षं मागे चला. १४ जानेवारी १९८३. अध्यक्ष रेगन राष्ट्रीय सुरक्षा निर्देश क्रमांक ७७ वर सही करतात. परराष्ट्र खातं, संरक्षण खातं, माहिती संस्था या सगळ्यांनी बाहेर काय बोलायचं त्याचा मेळ राष्ट्रीय सुरक्षा परिषदेने घालावा, अशी ही व्यवस्था. त्या परिषदेत ही सूत्रं हलवणारे वॉल्टर रेमंड आयुष्यभर सीआयएत प्रचाराचं काम करून आले आहेत. कार्यालयाचे प्रमुख झाले ऑटो राइख, जन्माने क्यूबाचे. ते बसतात परराष्ट्र खात्यात, पण लगाम सुरक्षा परिषदेच्या हातात. पुढे फोर्ट ब्रॅगहून लष्कराच्या मानसिक युद्ध पथकातले जवानही इथे कामाला येतात. देशाच्या शत्रूसाठी शिकलेली विद्या स्वतःच्याच नागरिकांवर चालवायची, याचं या खोलीत कुणालाच काही वावगं वाटत नाही.

अडचण काय होती तेही ऐका. निकाराग्वात १९७९ साली सँडिनिस्टांनी सोमोसाची घराणेशाही उलथवली. त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या काँट्रा बंडखोरांना रेगन सरकार पोसतं. पण पाहणीमागून पाहणी सांगते की बहुतेक अमेरिकनांना ही मदत मान्य नाही. १९८४ च्या सुरुवातीला सीआयएने निकाराग्वाच्या बंदरांत सुरुंग पेरल्याचं उघड झालं आणि ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने बोलंड दुरुस्तीने तिजोरीच बंद केली. सँडिनिस्टा संत नव्हते. ‘ला प्रेन्सा’ दैनिकावर त्यांची सेन्सॉरची कात्री चालत होती, आणि ते उघडपणे सांगायला अमेरिकेला कुणी अडवलं नव्हतं.

कपाट उघडा. पुस्तिकांचे गठ्ठे. कार्यालयाच्याच पहिल्या वर्षाच्या हिशेबात हा माल गेला १,६०० महाविद्यालयीन ग्रंथालयांत, ५२० राज्यशास्त्र विभागांत, १२२ संपादकीय लेखकांकडे आणि १०७ धार्मिक संस्थांकडे. यादी नीट पाहा. सामान्य मतदार तिच्यात कुठे आहे? लोकमत फिरवायची गरजच नव्हती. काँग्रेसमधले काही डळमळीत सदस्य फिरवायचे होते, आणि ते काय वाचतात, रविवारी कुणाचं प्रवचन ऐकतात, हे इथे नेमकं ठाऊक होतं.

तारखा पुढे सरकवा. एप्रिल १९८५ मध्ये प्रतिनिधिगृहात १.४ कोटी डॉलरची मदत फेटाळली जाते. जूनमध्ये तेच सभागृह २.७ कोटींना ‘मानवतावादी’ म्हणून संमती देतं. २५ जून १९८६ ला १० कोटी डॉलर मंजूर होतात, २२१ विरुद्ध २०९ मतांनी. लोकमत होतं तिथेच आहे. दोनच दिवसांनी हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय अमेरिकेने आंतरराष्ट्रीय कायदा मोडल्याचा निकाल देतं, आणि वॉशिंग्टन तो झटकून टाकतं.

५ ऑक्टोबरला काँट्रांना रसद नेणारं विमान निकाराग्वात पाडलं जातं, एक अमेरिकन जिवंत सापडतो, आणि इराणला विकलेल्या शस्त्रांचा पैसा काँट्रांकडे वळवल्याचं प्रकरण बाहेर यायला लागतं. त्यात हे कार्यालयही चव्हाट्यावर येतं. आपल्याकडच्या कॅगसारख्या काँग्रेसच्या लेखापरीक्षकांचा निष्कर्ष ३० सप्टेंबर १९८७ चा आहे. त्यांनी खोटेपणाचा मुद्दा केला नाही. लेखामागचा हात सरकारचा आहे हे वाचकापासून लपवलं, म्हणून हा मनाई असलेला छुपा प्रचार ठरला. मला वाटतं, त्यांनी बोट अगदी योग्य जागी ठेवलं. पटवायचा हक्क सरकारला आहेच, पण बोलणारा कोण हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. नाहीतर करदात्याच्याच पैशाने त्याच्या प्रतिनिधीला फसवल्यासारखं होतं.

वर्षअखेर कार्यालयाला टाळं लागलं. छुप्या प्रचाराबद्दल तिथल्या कुणालाही शिक्षा झाली नाही. ऑटो राइख त्याआधीच राजदूत होऊन व्हेनेझुएलाला गेले होते. जानेवारी २००२ मध्ये धाकट्या बुश यांनी सेनेटची संमती न घेता, सुटीच्या काळातल्या अधिकारात, त्यांना लॅटिन अमेरिका विभागाचे सहायक परराष्ट्रमंत्री नेमलं.