टेक्सासचे पुढारी आणि बातमीदार

वर्तमानपत्रांच्या सामर्थ्याविषयीं बोलावयाचें झालें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें सामान्यतः मोठ्या शहरांतील मोठीं पत्रें उभीं राहतात. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सन १९५५ मध्यें पुलित्झर पारितोषिकें जाहीर झालीं, तेव्हां स्थानिक वार्तालेखनाचीं दोन्ही पारितोषिकें टेक्सास संस्थानाच्या दक्षिण भागांतील दोन लहानशा गांवांकडे गेलीं. एक मिळालें क्युअरो येथील 'क्युअरो रेकॉर्ड' या पत्राचे व्यवस्थापक संपादक केनेथ टावरी यांस; दुसरें मिळालें 'ॲलिस डेली एको' या दैनिकाच्या बातमीदार श्रीमती कॅरो ब्राउन यांस. क्युअरो हें टर्की पक्ष्यांच्या व्यापारासाठीं प्रसिद्ध असलेलें गांव. ॲलिस हें गुरांच्या कुरणांनीं व तेलाच्या विहिरींनीं वेढलेलें. दोहोंमध्यें सुमारें शंभर मैलांचें अंतर. डॅलस, ह्यूस्टन किंवा राजधानी ऑस्टिन येथील बलाढ्य पत्रांच्या आधीं या दोन गांवांतील माणसांना सत्य कसें सांपडलें, आणि तें सांगण्याची किंमत काय पडली, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

प्रथम त्या काळची राजकीय परिस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. टेक्सासचें क्षेत्रफळ सुमारें २ लक्ष ६८ हजार चौरस मैल असून त्यांत २५४ कौंट्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथें वस्तुतः एकाच पक्षाचें, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचें, राज्य चालत आलेलें होतें. नोव्हेंबरांतील सार्वत्रिक निवडणूक हा बहुतेक उपचारच. खरा सामना उन्हाळ्यांतील पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकींत होई, आणि तिची मोजणीही पक्षाचेच लोक करीत. मत देण्याचा हक्क मिळविण्यासाठीं दरसाल १ डॉलर ७५ सेंटपर्यंत कर भरावा लागे. गरीब मजुराला तो जड जाई. दक्षिणेकडील कांहीं कौंट्यांत तो कर स्थानिक पुढारीच भरी, आणि ज्याचा कर आपण भरला त्याचें मतही आपलेंच, असा त्याचा हिशेब असे.

मोठ्या पत्रांचे मालक या व्यवस्थेचे परके साक्षीदार नव्हते. ते तिच्यांतलेच होते. 'ह्यूस्टन पोस्ट'चे विल्यम हॉबी हे १९१७ ते १९२१ या काळांत स्वतः टेक्सासचे गव्हर्नर होते, आणि त्यांच्या पत्नी ओव्हीटा कल्प हॉबी १९५३ मध्यें अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या मंत्रिमंडळांत गेल्या. ऑस्टिन येथील पत्राचे मालक चार्ल्स मार्श यांनीं तरुण लिंडन जॉन्सन यांस आरंभापासून पाठबळ दिलें. याचा अर्थ त्या पत्रांतील बातमीदार अप्रामाणिक होते असा नव्हे. परंतु ज्याच्या पंक्तीला मालक बसतो, त्याच्या दप्तराची झडती घ्यावी असें चाकराला सहसा सुचत नाहीं.

उलटपक्षीं, पत्रांना वगळून जनतेपर्यंत पोंचण्याची वाटही पुढाऱ्यांना सांपडली होती, आणि ती वाट नभोवाणीची होती. डब्ल्यू. ली ओडॅनियल हे पिठाचे व्यापारी. रेडिओवर गाणींबजावणीं, धर्मोपदेश आणि आपल्या पिठाची जाहिरात असा त्यांचा नित्याचा कार्यक्रम असे. १९३८ सालीं ते गव्हर्नरपदासाठीं उभे राहिले. राजकारणांत मुरलेल्यांनीं त्यांना प्रथम हंसण्यावारी नेलें; आणि ओडॅनियल यांनीं बाराजणांना मागें टाकून पहिल्याच फेरींत बहुमत मिळविलें. १९४१ मध्यें सिनेटच्या पोटनिवडणुकींत त्यांनीं याच लिंडन जॉन्सन यांचा १,३११ मतांनीं पराभव केला. आरंभीं जॉन्सन पुढें होते. परंतु मागाहून आलेल्या आंकड्यांनीं पारडें फिरलें. शेवटचे आंकडे ज्याच्या हातीं असतात त्याचाच विजय होतो, हा धडा जॉन्सन विसरले नाहींत.

तो धडा १९४८ सालीं उपयोगी पडला. त्या वर्षीं २८ ऑगस्टला सिनेटच्या जागेसाठीं जॉन्सन आणि माजी गव्हर्नर कोक स्टीव्हन्सन यांच्यांत दुसऱ्या फेरीची निवडणूक झाली. सुमारें ९ लक्ष ८८ हजार मतें पडलीं, आणि अखेरीस जॉन्सन केवळ ८७ मतांनीं विजयी ठरले. हीं मतें आलीं कोठून? मतदानानंतर सहाव्या दिवशीं ॲलिस गांवांतील तेराव्या क्रमांकाच्या मतपेटीचा आंकडा सुधारण्यांत आला व जॉन्सन यांच्या खात्यावर आणखी २०० मतें चढलीं. ज्यांना मतदारांची यादी क्षणभर पाहावयास मिळाली त्यांनीं सांगितलें कीं, शेवटचीं नांवें एकाच हस्ताक्षरांत, एकाच शाईनें आणि वर्णानुक्रमानें लिहिलेलीं होतीं. मतदार वर्णानुक्रमानें रांग लावून येत नाहींत, हें कोणालाही कळेल. प्रकरण न्यायालयांत गेलें. ॲलिस येथें पेट्या उघडण्याचें काम चालू असतांनाच सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ति ह्यूगो ब्लॅक यांच्या आदेशानें चौकशी थांबली. आणि ती यादी? ती नाहींशी झाली. राज्यांतील सर्व पत्रांनीं या प्रकरणाचे रकाने भरले. आरोप छापले, प्रत्यारोपही छापले. परंतु ज्या एका कागदावर सर्व कांहीं अवलंबून होतें तो कागदच कोणा बातमीदाराच्या हातीं उरला नव्हता.

या मुलुखावर सत्ता चालत होती ती जॉर्ज पार याची. शेजारच्या ड्युव्हल कौंटींत त्याच्या बापापासून हें घराणें राज्य करीत आलें होतें, आणि लोक त्याला 'ड्युव्हलचा ड्यूक' म्हणत. शेरीफ त्याचा, शाळांचा निधि त्याच्या हातीं, न्यायालयावरही त्याचें वजन. प्राप्तिकर बुडविल्याबद्दल तो १९३६ सालीं तुरुंगांतही गेला होता. परंतु पुढें अध्यक्ष ट्रुमन यांनीं त्याला माफी दिली. तेथील गरीब मेक्सिकन वंशीय मजूर अडीअडचणीला त्याच्याकडेच धांव घेत आणि तो मदतही करी. त्याचें बळ केवळ भीतीवर उभें नव्हतें, उपकारांवरही होतें. म्हणूनच तें मोडणें कठीण होतें.

अशा प्रदेशांत खरें बोलणें किती धोक्याचें होतें हें १९४९ मध्यें दिसून आलें. ॲलिस येथील रेडिओ केंद्रावर बिल मेसन नांवाचा भाष्यकार बोलत असे. गांवांतील एका बदनाम नृत्यगृहाची जागा दुय्यम शेरीफ सॅम स्मिथविक याच्या मालकीची आहे, असें त्यानें ध्वनिक्षेपकावरून सांगितलें. त्यावर २९ जुलै रोजीं स्मिथविकनें त्याला गोळी घालून ठार केलें. स्मिथविकला जन्मठेप झाली. १९५२ सालीं त्यानें तुरुंगांतून स्टीव्हन्सन यांस पत्र लिहिलें कीं, तेराव्या पेटीविषयीं आपल्याला कांहीं सांगावयाचें आहे. स्टीव्हन्सन भेटीस जाण्यापूर्वींच तो कोठडींत गळफास लागून मेलेला आढळला. अधिकाऱ्यांनीं ती आत्महत्या ठरविली.

मेसन ज्या गांवांत मारला गेला त्याच गांवांत श्रीमती ब्राउन काम करीत होत्या. 'एको'मध्यें त्या आल्या त्या मुद्रितें तपासण्यासाठीं. बातमीदार झाल्या त्या मागाहून. महायुद्धावरून परतलेले मेक्सिकन वंशाचे तरुण १९५२ च्या सुमारास पारविरुद्ध संघटित होऊं लागले आणि १९५४ मध्यें संस्थान सरकारनेंही चौकशी आरंभिली, तेव्हां ड्युव्हलच्या शाळाखात्याचे हिशेब एकाएकीं गहाळ झाले. दूरच्या शहरांतून आलेला बातमीदार संध्याकाळीं परत जाऊं शकत असे. ड्युव्हलचें मुख्य ठिकाण ॲलिसपासून अवघ्या दहा मैलांवर. तेव्हां ज्यांच्याविषयीं लिहावयाचें त्यांचीच दुसऱ्या दिवशीं गांठ पडावयाची, अशी ब्राउनबाईंची स्थिति होती. तरीही रोजचें वृत्त रोजच्या अंकांत देऊन त्या घटनांमागील व्यवहारही त्या उलगडीत गेल्या.

जानेवारी १९५४ मधील एक प्रसंग उल्लेखनीय आहे. ॲलिसच्या न्यायालयाच्या इमारतींत टेक्सास रेंजर दलाचा कॅप्टन आल्फ्रेड अली आणि पार यांची झोंबाझोंबी झाली व अलीनें पिस्तूल उपसलें. तेव्हां ब्राउनबाई दोघांच्या मध्यें शिरल्या आणि गोळी झाडूं नये म्हणून त्यांनीं अलीला विनविलें. ज्याच्या कारभाराविरुद्ध त्या दररोज लिहीत होत्या त्याचाच जीव त्यांनीं राखला. पारचा निकाल न्यायालयानें लावावा, पिस्तुलानें नव्हे, ही त्या लेखनामागील निष्ठा होती. आणि ती कृतीनें सिद्ध झाली.

क्युअरोची हकीकत निराळी आहे. तेथें पिस्तूल नव्हतें, होते ते खरेदीखतांचे कागद. महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांना दीर्घ मुदतीनें व अल्प व्याजानें जमीन मिळावी म्हणून टेक्सासनें १९४६ मध्यें घटनेंत दुरुस्ती करून एक योजना उभारली आणि पुढें कर्जरोख्यांची मर्यादा १० कोटी डॉलरपर्यंत वाढविली. मंडळावर तिघेजण होते: गव्हर्नर ॲलन शिव्हर्स, ॲटर्नी जनरल जॉन बेन शेपर्ड आणि अध्यक्ष म्हणून जमीन खात्याचे कमिशनर बॅस्कम गाइल्स. १९५४ च्या उत्तरार्धांत क्युअरो येथें कुजबूज सुरू झाली कीं, कांहीं जमीन-दलाल निग्रो व मेक्सिकन वंशाच्या माजी सैनिकांना एकत्र बोलावून खाऊंपिऊं घालतात आणि त्यांच्या कागदांवर सह्या घेतात. त्या काळीं टेक्सासमध्यें वर्णभेद किती कडक होता हें जाणणाऱ्याला हा पाहुणचार संशयास्पद वाटणें स्वाभाविक होतें.

टावरी हे स्वतः माजी सैनिक. १९४२ सालीं कोरेजिडोर पडलें तेव्हां ते जपान्यांच्या हातीं सांपडले आणि युद्ध संपेपर्यंत बंदिवासांत राहिले. कौंटीचे सरकारी वकील वायली चीदम हेही या व्यवहारांचा तपास करीत होते. टावरी यांनीं कागद पाहिले, सह्या करणाऱ्यांना भेटून विचारलें. अनेकांना आपण जमीन विकत घेतली आहे हेंच ठाऊक नव्हतें. सरकारकडून कांहीं बक्षीस मिळणार, अशी त्यांची समजूत करून दिलेली होती. दलाल स्वस्तांत जमीन घेत, ती फुगविलेल्या किंमतीनें सरकारला विकत, आणि कर्जाचा बोजा या निरक्षर सैनिकांच्या नांवें चढे. मग टावरी ऑस्टिनला जाऊन गाइल्स यांस भेटले. जे प्रश्न त्यांनीं अद्याप विचारलेही नव्हते त्यांचींच उत्तरें गाइल्स देऊं लागले, आणि टावरींचा संशय दृढ झाला. १४ नोव्हेंबर १९५४ रोजीं पहिला लेख प्रसिद्ध झाला.

पुढील घटना वेगानें घडल्या. पुन्हां निवडून आलेल्या गाइल्स यांनीं जानेवारी १९५५ मध्यें नव्या मुदतीची शपथ घेतलीच नाहीं. खटले झाले व त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. शिव्हर्स व शेपर्ड यांच्यावर गुन्हा शाबीत झाला नाहीं. परंतु मंडळाच्या बैठकींना ते स्वतः क्वचित् जात, बहुधा हाताखालील माणूस पाठवीत, ही गोष्ट उघड झाली आणि दोघांच्याही लौकिकाला धक्का बसला. आपल्या नांवानें हजेरी लागत असतां आंत काय चाललें आहे हें न पाहणें, हाही कारभारांतील दोषच होय.

आतां या दोन प्रकरणांचें फल तोलून पाहूं. क्युअरोचे कागद जाग्यावर होते, म्हणून थोड्या महिन्यांत एक मोठा अधिकारी पदावरून गेला. ड्युव्हलचे हिशेब नाहींसे झाले होते. पारवर झालेली १९५७ ची शिक्षा १९६० सालीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द केली आणि त्याचा प्रभाव आणखी बरींच वर्षें टिकला. पुढें करबुडवेगिरीच्या दुसऱ्या खटल्यांत दोषी ठरल्यावर १९७५ मध्यें त्यानें आत्महत्या केली. आणि तेराव्या पेटीची यादी? जॉन्सन सिनेटर झाले आणि १९६३ सालीं संयुक्त संस्थानांचे अध्यक्षही झाले. 'टेक्सास ऑब्झर्व्हर' या १९५४ सालीं निघालेल्या पत्राचे पहिले संपादक रॉनी डगर यांस त्यांनीं १९६७ मध्यें एक छायाचित्र दाखविलें: मोटारीवर ठेवलेली तेराव्या क्रमांकाची पेटी आणि भोंवतीं पांच माणसें. त्याविषयीं विचारतांच मात्र ते मौन राहिले. शेवटीं १९७७ मध्यें त्या मतदानकेंद्राचा प्रमुख लुइस सालस यानें असोसिएटेड प्रेसचे बातमीदार जेम्स मँगन यांच्यापाशीं कबुली दिली कीं, तीं मतें खोटीं होतीं. तोंपर्यंत २९ वर्षें लोटलीं होतीं. जॉन्सन, स्टीव्हन्सन आणि पार हे तिघेही मृत्यु पावले होते. बातमी खरी होती. पण तिच्यावर कृति करावयास कोणी उरलें नव्हतें. ती इतिहासाच्या स्वाधीन झाली होती.

बातमीदार हा कांहीं निराळ्या जातीचा साधुपुरुष असतो असें मानण्याचें कारण नाहीं. टावरी स्वतःच पुढें सिनेटर जॉन टॉवर यांच्या नोकरींत शिरले आणि राजकारणाच्या पलीकडच्या तीरावर गेले. या इतिहासांतून दिसतें तें इतकेंच कीं, सत्ताधाऱ्याला जाब विचारण्यासाठीं दोन गोष्टी एकत्र याव्या लागतात: सर्वांना पाहतां येईल असें दप्तर, आणि तें पाहण्यास जाऊन त्याच गांवांत राहण्याची तयारी असलेला माणूस. टेक्सासनें सरकारी कागद लोकांस खुले करणारा कायदा १९७३ मध्यें केला. पहिल्या गोष्टीची तरतूद त्यानें झाली. दुसरीची तरतूद कोणत्याही कायद्यानें होत नाहीं. म्हणूनच मोठ्या शहरांतील छापखान्यांपेक्षां क्युअरो आणि ॲलिस येथील त्या दोन लहान कचेऱ्या अधिक ध्यानांत ठेवण्याजोग्या वाटतात.