वाघाचं गिऱ्हाईक

श्रोतेहो, आपल्या गोंदिया जिल्ह्यातलं नागझिरा अभयारण्य १९७० साली जाहीर झालं. तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकाऱ्याच्या बंदुकीला पायबंद बसला. पण खेड्यातला माणूस वाघाचं कातडं घेऊन करणार काय? त्याचं गिऱ्हाईक सातासमुद्रापार! जंगलात पहारा आणि बाजार मोकळा, म्हणजे बांध घालायचा नि मोरी उघडी ठेवायची.

म्हणून ३ मार्च १९७३ रोजी वॉशिंग्टनला अनेक देशांनी एक करार केला. त्याला ‘साइट्स’ म्हणतात. भारत त्यात १९७६ साली आला. करारात प्राण्यांच्या याद्या आहेत. पहिल्या यादीत आपला वाघ. त्याच्या कातड्याचा, हाडांचा देशोदेशींचा व्यापार बंद. धानाच्या बांधीत दिसणारा सारस दुसऱ्या यादीत. त्याच्या व्यापाराला सरकारी परवाना लागतो.

एवढं होऊनही १९९३ मध्ये दिल्लीत वाघांची शेकडो किलो हाडं पकडली गेली. औषधासाठी ती चीनकडे जात. चीननं आपल्या देशात या हाडांच्या व्यापारावर बंदी घातली तीही १९९३ सालीच, कराराला वीस वर्षं झाल्यावर. तोवर किती वाघ गेले असतील! नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प झाला तो पुढं, २०१३ मध्ये.