डबीच्या मागची बाजू

उटणे घरी करण्याची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना काष्ठौषधींचे दुकान आठवत असेल. नागरमोथा, आंबेहळद, कचोरा, वाळा अशी यादी दिली, की दुकानदार एकेक जिन्नस तोलून पुडी बांधी आणि प्रत्येकाचा भाव वेगळा सांगे. काय घेतले, किती घेतले आणि कितीला पडले, हे तिन्ही गिऱ्हाइकाला एकाच वेळी कळे. कारखान्यात भरलेली डबी आली आणि ही तीन उत्तरे झाकणाखाली गेली. त्यांतली कोणती परत मिळाली, याचा माग मी जुनी वेष्टने, जाहिराती आणि कायद्यांची पुस्तके चाळत काढतो आहे.

झाकण पहिल्यांदा जोरात उघडले ते औषधांच्या बाबतीत. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ साली ‘सीक्रेट रेमेडीज’ हे पुस्तक काढले. बाजारातल्या गुप्त औषधांचे रासायनिक पृथक्करण करून त्यात प्रत्येकाचे घटक आणि त्या घटकांची किंमत शेजारी शेजारी छापली होती. बीचमच्या ५६ गोळ्यांची डबी साडेतेरा पेन्सला मिळे. आतल्या जिनसांची किंमत निघाली जेमतेम अर्धा फार्दिंग. फार्दिंग म्हणजे पाव पेनी. म्हणजे विक्रीची किंमत मालाच्या शंभरपटीहून अधिक! बाकीचे पैसे कारखाना, दुकानदार, जाहिरात आणि नफा यांत वाटले जात.

सौंदर्यप्रसाधनांची पाळी उशिरा आली. अमेरिकेच्या १९०६ च्या अन्न व औषध कायद्यात ती नव्हतीच. १९३० च्या दशकात ‘लॅश ल्यूर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने स्त्रियांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली आणि थॅलियम हे विष असलेले केस काढण्याचे मलमही राजरोस विकले गेले. मग १९३८ च्या कायद्याने प्रसाधने सरकारी देखरेखीखाली आली. तरीही डबीवर घटकांची यादी छापण्याची सक्ती तिथे १९७० च्या दशकातच झाली.

आपल्याकडे १९४० चा कायदा फक्त औषधांचा होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात प्रसाधने आली आणि कायद्याचे नावही बदलले. किमतीची वाट मात्र वेगळी. ती वजनमापांच्या कायद्यातून आली. वेष्टनबंद मालाचे नियम १९७७ चे. पूर्वी किमतीपुढे ‘स्थानिक कर अतिरिक्त’ असे छापता येई आणि दुकानदार सांगेल तो आकडा मान्य करावा लागे. १९९० मध्ये सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आली. २०२१ च्या दुरुस्तीने दर ग्रॅमची किंवा दर मिलिलिटरची किंमतही छापणे आले. ५० ग्रॅमची डबी ९० रुपयांना आणि १०० ग्रॅमची १५० ला असेल, तर ग्रॅममागे १ रुपया ८० पैसे आणि १ रुपया ५० पैसे हा फरक आता हिशेब न करता दिसतो.

म्हणजे ‘काय’ आणि ‘कितीला’ परत मिळाले. राहिले ‘किती’. २०२० च्या सौंदर्यप्रसाधने नियमांप्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले मात्र त्यानंतर कोणत्याही क्रमाने चालतात. ही रेघ डबीवर छापलेली नसते, पण ती ओळखण्याची एक खूण आहे. फिनॉक्सीइथेनॉल हे परिरक्षक युरोपीय नियमांत १ टक्क्यापर्यंतच चालते. ती मर्यादा पाळलेल्या क्रीमच्या यादीत त्याच्यानंतर आलेले प्रत्येक नाव १ टक्का किंवा त्याहून कमीच. डबीच्या दर्शनी बाजूला केशराचे चित्र आणि मागे केशर फिनॉक्सीइथेनॉलनंतर, असे असेल तर आपण मुख्यत्वे पाणी, ग्लिसरीन आणि तेल घेतो आहोत. अर्थात कमी म्हणजे निरुपयोगी असेही नाही. रेटिनॉल १ टक्क्याच्या अंशातही काम करते. पण त्या अंशासाठी किती पैसे मोजायचे, हे ठरवायला अंश कळायला हवा.

हे अशक्य नाही, याचा पुरावा त्याच फळीवर असतो. आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर बनलेल्या मलमाला प्रत्येक घटकाचे प्रमाण लेबलावर द्यावे लागते. शेजारच्या प्रसाधनाला ते बंधन नाही. दोन्हींत हळद असेल. एकीचे वजन आपल्याला कळते, दुसरीचे फक्त नाव.

काष्ठौषधीवाल्याचा तराजू गिऱ्हाइकासमोर असे. कायद्याने डबीवर यादी आणली, भाव आणला. तराजू अजून कारखान्याच्या आतच आहे.