दप्तराचें मौन

कागदांत एखादी गोष्ट लिहिलेली नसली म्हणजे ती नव्हतीच असें धरावयाचें, कीं ती आपणांस ठाऊक नाहीं एवढेंच म्हणावयाचें? प्रश्न तर्कशास्त्राचा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर महाराष्ट्रांतील कित्येक घराण्यांची भाकरी अवलंबून होती.

१८१८ सालीं पेशवाई बुडाली व पुण्याचें दप्तर इंग्रजांच्या हातीं आलें. पुढें १८५२ च्या अकराव्या कायद्यानें दक्षिण, खानदेश इत्यादि प्रांतांतील इनामांची चौकशी सुरू झाली. दीर्घ वहिवाटीस कायद्यांत जागा होती; पण ती शाबीत करण्याचें ओझें इनामदाराच्या शिरावर पडे, आणि त्याची सनद दप्तराशीं ताडून पाहिली जाई. सरकारपक्षीं कांहींच तथ्य नव्हतें असें नव्हे. बनावट सनदा होत्याच; आणि पेशव्यांचे कारकून जेथें पैपैचा हिशेब ठेवीत, तेथें नोंद नसणें हाहि एक पुरावाच होय. मात्र ज्यांचे कागद वाळवीनें, आगीनें वा लुटीनें गेले, त्यांच्या मौनाचा अर्थ तोच कसा लावावा? अखेर १८६३ च्या कायद्यानें आकाराच्या चौथाईवर तडजोड करून सरकारनें ही कसून चौकशी बहुतांशीं आवरती घेतली.

संगणकांत सांठविलेल्या माहितीविषयीं हाच पेंच रेमंड रायटर या शास्त्रज्ञानें १९७८ सालीं मांडला. जें नोंदींत नाहीं तें खोटें, या गृहीतास त्यानें ‘बंद जग’ म्हटलें. रेल्वेच्या वेळापत्रकास तें शोभतें. त्यांत नसलेली गाडी सहसा धांवत नाहीं, कारण तें पूर्ण असावें अशीच त्याची रचना असते.

जमिनीच्या नोंदींचें तसें नाहीं. शहाद्यालगतच्या लोणखेड्याहून उत्तरेस सातपुडा आहे. तेथील आदिवासींनीं पिढ्यान् पिढ्या कसलेल्या वनजमिनीचा कागद बहुधा कोणी केलाच नव्हता. म्हणून २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनीं दावेदाराखेरीज इतर वृद्धांची लेखी जबानीहि पुराव्यांत धरली. तरी १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना हुसकावण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीस त्यासच स्थगिति मिळाली. दावे फेटाळतांना रीत पाळली गेली होती काय, हा प्रश्न तेव्हां पुढें आला.

दप्तर पूर्ण असेल तर त्याचें मौन बोलकें असतें. तें अपुरें असेल, तर ज्याची नोंद करण्यास कोणी गेलेंच नाहीं त्याच्याकडे कागद मागणें हा न्याय नव्हे.