जीपीएस आपल्या फोनमध्ये आलं कसं?

रिक्षा बोलावणं, पार्सल ट्रॅक करणं, मित्राला लोकेशन पाठवणं, हे सगळं फोनमधल्या एका छोट्याशा चिपच्या जिवावर चालतं. पण ही चिप साध्या फोनपर्यंत पोचली ती नकाशांसाठी नव्हे. तिला तिथवर ढकललं ते जीव वाचवणाऱ्या एका नियमाने. आज मी तीच गोष्ट सांगणार आहे.

अमेरिकेत मदतीसाठी ९११ फिरवतात. लँडलाइनवरून फोन आला की पत्ता लगेच सापडायचा. मोबाइल आले आणि पंचाईत झाली. हायवेवर अपघात झालेला माणूस फोन तर करायचा, पण आपण नेमके कुठे आहोत हे त्यालाच माहीत नसायचं. म्हणून १९९६ साली तिथल्या एफसीसी या सरकारी संस्थेने नियम केला, की अशा माणसाचं ठिकाण मोबाइल कंपन्यांनी कळवायचं. १९९९ मध्ये मापही ठरलं. ठिकाण फोनच शोधणार असेल, तर ६७ टक्के कॉलमध्ये चूक ५० मीटरच्या आत हवी.

आता अडचण बघा. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर, आणि तिथून माहिती येते सेकंदाला फक्त ५० बिट! उपग्रह स्वतः कुठे आहे, एवढं ऐकून घ्यायलाच साधारण अर्धं मिनिट जातं, तेही मोकळ्या आकाशाखाली. इकडे माणूस जखमी पडलाय आणि फोन आकाशाकडे कान लावून बसलाय, कसं चालेल?

यावरचा तोडगा मला भारी वाटतो. उपग्रहांची ती माहिती मोबाइल नेटवर्कनेच फोनला पुरवायची. चिपने फक्त सिग्नल कधी पोचला ते मोजायचं. हेच ए-जीपीएस, म्हणजे असिस्टेड जीपीएस. त्यावर काम करणारी स्नॅपट्रॅक ही कंपनी २००० साली क्वालकॉमने तब्बल १०० कोटी डॉलरला घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूकही काढून टाकली.

जाता जाता एक सांगतो. ही चिप फक्त ऐकते. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहाला कळतच नाही. ते इतरांना सांगतात तुमची ॲप्स. मदत तुमच्यापर्यंत पोचावी म्हणून आलेल्या या चिपचं उत्तर टॉर्चच्या ॲपलाही द्यायचं का? एपिसोड संपला की सेटिंगमधली लोकेशनची परवानगी एकदा बघाच. भेटू पुढच्या भागात!