पडसाद आणि गोंगाट

डोंगरकपारींत हांक मारली तर तिचा पडसाद उमटतो; तीच हांक भरबाजारांत मारली तर परत कांहीं ऐकूं येत नाहीं. भोंवतालच्या भिंतींवरून पडसाद तेथेंही उठतोच, परंतु तो गलबल्यांत बुडून जातो. ध्वनीच्या साह्यानें अंतर मोजण्याच्या विद्येंत खरी अडचण पहिल्यापासून हीच आहे. मोठ्यानें हांक मारणें सोपें. परत आलेला क्षीण पडसाद ओळखणें कठीण.

१९१२ च्या एप्रिलांत ‘टायटॅनिक’ बोट हिमनगावर आदळून बुडाली व सुमारें पंधराशें माणसें प्राणांस मुकलीं. त्याच वर्षीं लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानें पडसादावरून अडथळा ओळखण्याच्या युक्तीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. १९१४ सालीं रेजिनाल्ड फेसेंडेन यानें सुमारें दोन मैलांवरील हिमनगाचा पडसाद टिपलाही. परंतु त्याचा ध्वनि कानास ऐकूं येणारा होता. अशा ध्वनीच्या लहरी लांब असून त्या चहूंकडे पसरतात; शिवाय बोटीचें इंजिन, पंखा आणि लाटा यांचे आवाजही त्याच पट्टींत येतात. पाणबुडीसारखें लहान लक्ष्य हेरण्यास तो पुरेना.

पहिल्या महायुद्धांत पाणबुड्यांनीं व्यापारी बोटी बुडविण्याचा सपाटा लावला, तेव्हां कॉन्स्टंटिन शिलोव्स्की या रशियन अभियंत्याच्या सूचनेवरून पॅरिस येथील पॉल लांजव्हँ याने श्राव्यातीत ध्वनीचे प्रयोग आरंभिले. सेकंदास ४०,००० कंपनें असलेल्या ध्वनीची लहर पाण्यांत पावणेचार सेंटिमीटरच भरते. म्हणून कंदिलाच्या झोताप्रमाणें तो एकाच दिशेनें धाडतां येतो, आणि बोटींचा बराचसा गोंगाट त्याच्या पट्टीच्या खालींच राहतो. पण गोंगाट यंत्राच्या पोटांतही होता. कार्बनच्या मायक्रोफोनांतील कण स्वतःच खरखरत. या ठिकाणीं क्यूरी बंधूंचा १८८० चा शोध उपयोगीं पडला: क्वार्ट्झच्या स्फटिकावर दाब पडला कीं वीज उत्पन्न होते. १९१७ सालीं लांजव्हँने हा स्फटिक योजून त्यास व्हॉल्व्हांचा विवर्धक जोडला, आणि १९१८ सालीं पाणबुडीवरून परतलेला पडसाद स्पष्ट ऐकूं आला.

मग विवर्धन वाढवीत गेलें तर वाटेल तेवढा क्षीण पडसाद सांपडेल काय? १९२८ सालीं अमेरिकेंत जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनीं याचें उत्तर नकारार्थी दिलें. प्रत्येक विद्युत्-रोधांत उष्णतेमुळें इलेक्ट्रॉनांची चळवळ चाललेली असते व तिची सूक्ष्म खरखर कधींच पूर्णपणें थांबत नाहीं. विवर्धक पडसादाबरोबर तीही वाढवितो. मात्र ग्रहणाचा पट्टा जितका अरुंद, तितकी ही खरखर कमी. तेव्हां पाठविलेल्या कंपनांचीच वाट मोकळी ठेवून बाकीचीं दारें लावून घेणें हाच शहाणपणा ठरला.

१९४० नंतर धातूंतील तडे शोधण्याच्या निमित्तानें ही विद्या कारखान्यांत शिरली; पुढें ती टाक्यांतील द्रवाची पातळी मोजूं लागली. तेथें शत्रु निराळे. दाबलेली हवा नळींतून सुटतांना जो फुत्कार होतो, त्यांत श्राव्यातीत ध्वनिही असतो. टाकीची भिंत थरथरते. जवळून जाणाऱ्या मोटारींच्या तारा संवेदकाच्या तारेंत वीज उठवितात. यांवरील उपाय साधे आहेत. संवेदक रबरी बैठकीवर बसवावा व द्रव ओतणाऱ्या धारेपासून दूर ठेवावा. त्याच्या तारेवर धातूच्या जाळीचें वेष्टन असावें, तें जमिनीशीं नीट जोडलेलें असावें, आणि ती तार मोटारींच्या तारांशेजारून नेऊं नये. हांक दिल्यावर संवेदक स्वतःच घंटेसारखा क्षणभर घुमत राहतो. तेवढा वेळ ऐकणें बंद ठेवावें. शेवटीं अनेक हांकांची बेरीज करावी. पडसाद दर वेळीं त्याच क्षणीं येतो, गोंगाट मात्र मनास येईल तसा. म्हणून १६ हांकांच्या बेरजेंत पडसाद सोळापट होतो, तर गोंगाट चौपटच वाढतो.

या काळजीचें मोल माणसांच्या जिवाइतकें आहे. अम्लाच्या टाकींत पडसाद हरवला आणि यंत्रानें शेवटचाच आंकडा धरून ठेवला, तर भरलेली टाकी उतूं जाते व खालीं उभा असलेला कामगार भाजतो. हिमनगाच्या वेळीं जो प्रश्न बोटीवरील उतारूंचा होता, तोच येथें त्या कामगाराचा आहे.