तीन चाके आणि एक पायडल

वाहनांचा इतिहास लिहिणाऱ्यांची एक खोड आहे. इंजिन कोणी काढले, वेग किती गाठला, शर्यत कोणी जिंकली, यांची वर्णने ते पानेच्या पाने करतात. परंतु ते वाहन थांबले कसे, याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. ब्रेक हा शब्द बहुधा अपघाताच्या बातमीतच आपल्या कानी पडतो, आणि तोही तो निकामी झाला म्हणून. आयुष्यभर गुपचूप काम करावे आणि एकदा चुकताच वर्तमानपत्रात नाव यावे, असे भाग्य घरच्या स्वयंपाकघराखेरीज दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आले असेल तर ते ब्रेकच्याच.

या उपेक्षिताची कथा सांगायला मी मोटार घेत नाही, आगगाडीही घेत नाही. पुढे एक चाक, मागे दोन चाके आणि बाकी सगळी मोटारसायकल, असे जे एक विलक्षण वाहन आहे, तेच या कामी सोयीचे आहे. कारण असे की, दोन चाकांवरून तीन चाकांवर जाताना बाकीच्या गोष्टी कशाबशा जमून जातात. पंचाईत होते ती थांबण्याची.

अमेरिकेत मिलवॉकी शहरी हार्ले-डेव्हिडसन नावाचा मोटारसायकलींचा प्रसिद्ध कारखाना आहे. जागतिक मंदीच्या ऐन अंधारात, १९३२ च्या सुमारास, या कारखान्याने 'सर्व्हि-कार' नावाची तीन चाकी गाडी बाजारात आणली. तिच्यामागची कल्पना मोठी व्यवहारी होती. गिऱ्हाइकाची मोटार दुरुस्तीला आणायची तर पूर्वी दोन माणसे पाठवावी लागत: एक मोटार घेऊन यायला आणि दुसरा त्याला तिथवर सोडायला. आता एकच मेकॅनिक या तीन चाकीवर बसून गिऱ्हाइकाच्या दारी जाई, तिचा दांडा मोटारीच्या मागच्या बंपरला अडकवी आणि मोटार चालवत, तीन चाकीला शेपटासारखी ओढत, गॅरेजात परत येई. एका माणसाचा पगार वाचला! मंदीच्या दिवसांत एवढे पुरे होते. पुढे पोलिसांनीही ती उचलली. तिच्यावर बसून, हातातल्या काठीच्या टोकाला खडू लावून, रस्त्याकडेला उभ्या मोटारींच्या टायरांवर खुणा करत शिपाई फिरत. तासाभराने परत येऊन खूण जागच्या जागी दिसली की दंड. ही गाडी १९७३ पर्यंत निघत होती. चाळीस वर्षे टिकलेले वाहन काही सामान्य नव्हे.

आपल्याकडेही हिची चुलत भावंडे नांदून गेली. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा लष्कराच्या हार्ले आणि इंडियन जातीच्या मोटारसायकली मोडीच्या भावाने निघाल्या. दिल्लीत त्या घेऊन लोकांनी मागे दोन चाकांचा सांगाडा जोडला, वर छप्पर घातले आणि समोरासमोर बाके टाकली. त्या चालवणाऱ्यांत फाळणीत घरदार गमावून आलेली शीख मंडळी पुष्कळ होती. कॅनॉट प्लेसपासून जुन्या दिल्लीपर्यंत या 'फटफटी' माणसे भरभरून नेत. (आपल्या खेड्यांत मोटारसायकलीला फटफटीच म्हणतात, तिच्या आवाजाने दोन्ही मुलुखांत एकच नाव घेतले.) मूळ इंजिने झिजली तेव्हा कित्येकांनी त्यांत शेतावर पाणी उपसणारी किर्लोस्करांची डिझेल इंजिने बसवली. १९९८ मध्ये प्रदूषणाच्या कारणाने सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या बंद झाल्या. पण अर्धशतकभर त्या गाड्यांवर किती कुटुंबांच्या चुली पेटल्या असतील, याचा हिशोब कोण ठेवतो?

आता पंचाइतीकडे वळू. साध्या मोटारसायकलीला पुढचा ब्रेक हाताने लागतो आणि मागचा पायाने. थांबताना सगळा भार पुढे झुकतो, म्हणून खरे काम पुढचाच ब्रेक करतो. मागचा त्याचा सोबती. तीन चाकीत हा संसार उलटा होतो. मागे पेटी, उतारू, सामान, जाडजूड आस, वजन मागे. तेव्हा पायातल्या त्या लहानशा पायडलवर आता मोठी जबाबदारी येते. त्यातून मागे चाक एक नसून दोन आहेत. बैलगाडी हाकलेल्यांना सांगायला नको की, जुवाचा एक बैल ओढाळ आणि दुसरा आळशी असला म्हणजे गाडी कुठे जाते. ब्रेकचेही तेच. डावे चाक क्षणभर आधी धरले आणि उजवे मोकळे राहिले, तर गाडी डावीकडे फिरते. ओल्या रस्त्यावर, उतारावर, मागे माणसे बसलेली असताना फिरते.

जुन्या ब्रेकात पायडलपासून चाकापर्यंत सळया आणि तारा असत. सळई वाकते, तार ताणते, खिळ झिजते. आणि दोन्ही बाजूंची झीज कधी सारखी होत नाही. म्हणून त्या काळच्या मेकॅनिकचा अर्धा जन्म नट पिळून डावे-उजवे जुळवण्यात जाई.

यावरचा उपाय फार आधी, एका फ्रेंच माणसाच्या डोक्यात येऊन गेला होता. ब्लेझ पास्कल हा १६२३ साली क्लेरमाँ गावी जन्मला आणि अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, १६६२ मध्ये वारला. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याने एक गंमत मांडली आहे. पाण्याने गच्च भरलेले बंद भांडे घ्या, त्याला दोन तोंडे ठेवा, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे, आणि दोन्हींत घट्ट दट्ट्ये बसवा. लहान दट्ट्या दाबणारा एक माणूस मोठा दट्ट्या दाबणाऱ्या शंभर माणसांना भारी पडत नाही, पण बरोबरीला उतरतो! कारण कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. आठवीच्या वर्गात हा नियम शिकवताना मला नेहमी वाटत आले आहे की, पाण्याइतका निःपक्षपाती न्यायाधीश दुसरा नसावा. डावे चाक, उजवे चाक, त्याला सगळे सारखे.

पण पास्कल नुसता स्वप्नाळू नव्हता. त्याने लगोलग हेही सांगून ठेवले की, लहान दट्ट्या एक इंच खाली गेला तर मोठा इंचाचा शंभरावा भागच वर येतो. बळ वाढले, अंतर घटले. निसर्गाच्या दुकानात उधारी नाही.

हे कागदावरून लोखंडात उतरायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. लंडनचा कुलुपे करणारा जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये पाण्याच्या दाबाने चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याला छळले ते गळतीने. दट्ट्या सैल ठेवावा तर पाणी कडेने निसटते. घट्ट करावा तर तो हलतच नाही. यावर तोडगा निघाला चामड्याच्या वाटीचा. वाटीचे ओठ दाबाच्या दिशेला. जितका दाब अधिक, तितके ओठ भिंतीला अधिक चिकटणार. ही युक्ती ब्रामाच्या हाताखालच्या हेन्री मॉड्स्ले या तरुण कारागिराची, असे इंजिनिअर जेम्स नॅस्मिथ याने लिहून ठेवले आहे. आज प्रत्येक ब्रेकच्या पोटात रबराची जी चिमुकली वाटी असते, ती या चामड्याच्या वाटीची पणती.

गाडीला हा द्रव जोडला माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थाने. हा आणि त्याचा भाऊ ॲलन मूळचे विमाने बांधणारे. त्यांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग इतके आडमुठे होते की लोक त्याचा भलताच उच्चार करीत. शेवटी ते स्पेलिंगच बदलून सोपे करण्यात आले. त्यांची आई फ्लोरा ही लेखिका होती. कादंबऱ्या लिहिणाऱ्यांच्या घरातही विमाने आणि ब्रेक निपजू शकतात, हे वाचून आमच्यासारख्यांना जरा धीर येतो. माल्कमने विमानांचा नाद सोडून डेट्रॉइट गाठले आणि तेलाच्या ब्रेकांच्या मागे लागला. पायडलखाली एक नळकांडे, म्हणजे मास्टर सिलिंडर. तिथून बारीक नळ्या. आणि प्रत्येक चाकापाशी एक लहान नळकांडे. पाय दाबला की सगळीकडे एकच दाब.

या शोधाची परीक्षा पास्कलच्याच देशात व्हावी, हा योगायोग मोठा गोड आहे. २५ जुलै १९२१ रोजी ल मान येथे फ्रान्सची ग्राँ प्री शर्यत होती. ड्यूसेनबर्ग बंधूंच्या अमेरिकन गाडीला चारही चाकांवर तेलाचे ब्रेक होते. तिचा चालक जिमी मर्फी सरावात जखमी झालेला, छातीला पट्टे आवळलेले. रस्ता उखडून दगड गोळ्यांसारखे उडत होते; शेवटी शेवटी त्याच्या रेडिएटरला भोक पडले, टायरही गेला. तरी तो पहिला आला. वळण जवळ आल्यावर इतरांनी वेग आधीच कमी करावा आणि याने अगदी तोंडाशी जाऊन करावा, असा हा सामना. थांबता येणाराच अधिक वेगाने धावू शकतो, हे त्या दिवशी हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

त्याच साली ड्यूसेनबर्गांनी हे ब्रेक विक्रीच्या मोटारींना लावले. १९२४ मध्ये क्रायस्लरने ते मध्यम किमतीच्या गाडीत आणले आणि गळणाऱ्या चामड्याच्या जागी रबर घातले. हेन्री फोर्ड मात्र हटून बसला. नळीतल्या तेलावर माणसाचा जीव सोपवायचा? त्याचा विश्वास पोलादावर. पायडलपासून चाकापर्यंत पोलादच, ही त्याची जाहिरात. १९३९ च्या मॉडेलांपर्यंत त्याने तेलाला दार उघडले नाही. मी त्याला हसत नाही. सळई मोडायच्या आधी कुरकुरते. तेलाची नळी फुटली तर पाय एकदम फळीला टेकतो. फोर्डची भीती खोटी नव्हती. म्हणून तर पुढे मोटारींत एकाऐवजी दोन स्वतंत्र नळ्यांची व्यवस्था सक्तीची झाली.

मोटारसायकलवाले याहून सावकाश. सर्व्हि-कारच्या मागच्या दोन चाकांना तेलाचे ब्रेक मिळाले ते १९५१ मध्ये. हार्लेच्या मोठ्या दुचाकीला मागचा तेलाचा ब्रेक त्यानंतर, १९५८ मध्ये. थोरलीच्या आधी कामकरी धाकटीला दागिना मिळावा, असा हा प्रकार. पण गरज तिचीच मोठी होती.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत रंजक भाग. सर्व्हि-कार बंद झाली तरी तीन चाकींची हौस गेली नाही. ज्यांचे गुडघे थकले किंवा ज्यांना अपघाताने अधू केले, असे स्वार आपल्या दुचाकीलाच मागे दोन चाकांची आस बसवून घेतात. हार्लेने स्वतःही २००९ च्या मॉडेलांत पुन्हा तीन चाकी आणली. पण घरी किंवा लहान गॅरेजात जोडलेल्या गाडीत बहुधा एक गोष्ट जुनीच राहते: पायाखालचा मास्टर सिलिंडर. तो बेतलेला एका चाकासाठी, आणि आता त्याला दोन चाके पोसायची असतात. पायडल खोल खोल जाते, कधी तळाला टेकते. मग बाजारातून दुसऱ्या कारखान्याचा, मोठ्या पोटाचा सिलिंडर आणून लावतात.

किती मोठा? इथे दिवाळीच्या चकल्या उपयोगी पडतात. अरुंद सोऱ्या हाताला हलका, पण पीठ सारखे भरावे लागते. रुंद सोऱ्यात पीठ मावते पुष्कळ, पण दाबताना घरातल्या पुरुषाला हाक मारावी लागते. समजा, जुना सिलिंडर अर्ध्या इंचाचा होता आणि नवा पाऊण इंचाचा घेतला. क्षेत्रफळ सव्वादोन पट झाले. तेल तेवढ्याच चालीत सव्वादोन पट निघेल. दोन चाकांना पुरून उरेल. पण त्याच पायाच्या जोराने दाब मात्र नऊ भागांपैकी चारच भाग राहील. दोन सारख्या चाकांची बेरीज केली तर एकूण पकड आठ-नवमांश, म्हणजे पूर्वीपेक्षा थोडी कमीच, आणि गाडी तर पहिल्याहून जड! हावरटपणे याहूनही मोठा सिलिंडर घेणाऱ्याच्या पायाखाली पायडल दगडासारखे कठीण लागते. तो खूश होतो, आणि गाडी थांबत नाही. म्हणून जाणता मेकॅनिक सिलिंडर बेताचा निवडतो आणि तूट भरून काढायला पायडलचा दांडा लांबवतो.

बसवतानाही तो दोन-तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहतो. पायडलची दांडी आणि आतला पिस्टन यांच्यात केसभर मोकळी चाल हवी. ती नसली तर तेल परत टाकीत जाण्याचे बारीक भोक झाकलेले राहते, तापलेले तेल फुगते आणि ब्रेक आपणहून धरून बसतात. तेल कोणते ते डब्यावर वाचावे लागते; नेहमीचे ग्लायकॉलचे तेल आणि सिलिकोनचे तेल एकत्र चालत नाही. ग्लायकॉलचे तेल हवेतली ओल पिते, म्हणून उघडा राहिलेला डबा वापरत नाहीत. ते रंगावर सांडले तर रंगही खाते.

आणि सरतेशेवटी हवा काढायची. पाणी किंवा तेल दाबले जात नाही, पण हवा दाबली जाते. नळीत अडकलेला एक बुडबुडा पास्कलचा सगळा नियम गिळून टाकतो. त्यासाठी दोन माणसे लागतात. एक वर बसून पायडल दाबून धरतो, दुसरा चाकापाशी उकिडवा बसून बारीक स्क्रू सैल करतो. काचेसारख्या नळीतून तेल आणि त्यातले बुडबुडे बाटलीत उतरतात. स्क्रू आवळल्याशिवाय वरच्याने पाय उचलायचा नाही, नाहीतर गेलेली हवा परत आत येते. "दाब", "धर", "सोड", अशी हाळी चालते. आधी एक चाक, मग दुसरे. मधूनमधून टाकीत तेलाची भर. नळीत नुसते स्वच्छ तेल येऊ लागले, बुडबुडा दिसेनासा झाला, आणि पायडल दर वेळी एकाच उंचीवर येऊन टणक लागले, की मग गाडी अंगणातच हळू चालवून पाहतात, आणि नंतर रस्त्यावर काढतात.